वसुली एजंटांचा जाच : कर्ज मान्य आहे, पण हे फोन कसे थांबवायचे?

कोरा_कागद

माझ्या धाकट्या भावाची नोकरी गेली, त्या वेळी त्याच्या डोक्यावर तीन देणी होती : एका बिगरबँक वित्तसंस्थेचे वैयक्तिक कर्ज, एका बँकेचे क्रेडिट कार्ड आणि मोबाइल ॲपवरून घेतलेले एक छोटे कर्ज. सुरुवातीला येणारे फोन सभ्य होते. हप्ते थकत गेले तसा सूर बदलला, आणि आता भावाने फोन उचलला नाही की वडिलांना, वहिनीच्या माहेरी आणि शेजारच्या काकांनाही फोन जातात. वडील हृदयविकाराचे रुग्ण आहेत आणि या कर्जांच्या कागदांवर त्यांची कुठेही सही नाही. मागच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एक 'अंतिम नोटीस' आली. तिच्यावर तराजूचे चित्र आहे, लाल अक्षरांत 'चोवीस तासांत अटक' असे लिहिले आहे, खाली सही कोणाचीच नाही, आणि वर छापलेला कर्जखात्याचा क्रमांकही चुकीचा आहे.

कर्ज आम्हाला मान्य आहे आणि ते बुडवण्याचा विचार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण जोपर्यंत त्याला दुसरी नोकरी मिळत नाही तोपर्यंत पूर्ण हप्ता भरणे शक्य नाही, आणि हे फोनवर कितीही वेळा सांगितले तरी दुसऱ्या दिवशी नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. घरच्यांना होणारा त्रास थांबवण्यासाठी कोणाकडे आणि कसे लिहावे, या धमक्यांपैकी खऱ्या कोणत्या आणि पोकळ कोणत्या, हे जाणकारांनी सांगावे.

जमाखर्च

मी बँकेच्या वसुली विभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. सर्वांत आधी हा विषय फोनवरून उचलून कागदावर आणा. फोनवर बोलणे हे त्या लोकांचे रोजचे काम आहे आणि तुमच्या भावाला त्याचा सराव नाही. शिवाय फोनवरच्या शिवीगाळीची जबाबदारी बँक सहज झटकते. लेखी तक्रारीला उत्तर द्यायचे झाले की मात्र एका अधिकाऱ्याला आपल्या नावानिशी आणि संस्थेच्या वतीने लिहावे लागते, आणि अशा कागदावर 'आमच्या माणसाने वडिलांना शिव्या दिल्या' याचे समर्थन कोणालाही करता येत नाही.

नियम पुरेसे स्पष्ट आहेत. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, सतत फोन करून भंडावून सोडता येत नाही, निनावी किंवा धमकीचे फोन करता येत नाहीत, आणि कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या, मित्रांच्या किंवा संदर्भ म्हणून नाव दिलेल्या व्यक्तींच्या खासगी आयुष्यात शिरून त्याची चारचौघांत बदनामी करता येत नाही. सूक्ष्म वित्त (मायक्रोफायनान्स) कर्जांसाठी ही वेळ आणखी आखडती, म्हणजे सकाळी ९ ते सायंकाळी ६ अशी आहे. बँकांच्या बाबतीत २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकापासून असेही सांगितलेले आहे की, प्रकरण कोणत्या वसुली संस्थेकडे दिले ते कर्जदाराला कळवावे, एजंटाजवळ ओळखपत्राबरोबर बँकेचे अधिकारपत्र असावे, आणि कर्जदाराची तक्रार प्रलंबित असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण एजन्सीकडे पाठवू नये. तक्रार केवळ छळण्यासाठी वारंवार केली जात असल्याचा पुरावा बँकेजवळ असेल तर हा शेवटचा नियम लागू होत नाही, म्हणून तक्रार एकच करावी आणि ती नेमकी करावी. एजन्सी बाहेरची असली तरी तिच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच असते, त्यामुळे एजंटाशी वाद न घालता थेट संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याचा पत्ता संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. मजकूर साधारण असा असावा :

'माझ्या अमुक क्रमांकाच्या कर्जखात्यात थकबाकी असल्याचे मला मान्य आहे. नोकरी गेल्यामुळे हप्ते थकले असून परतफेडीबाबत लेखी बोलणी करण्यास मी तयार आहे. दिनांक अमुक रोजी रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी अमुक क्रमांकावरून माझ्या वडिलांना फोन करून माझ्या कर्जाची माहिती देण्यात आली आणि शिवीगाळ करण्यात आली. माझे वडील या कर्जाचे सहकर्जदार नाहीत व जामीनदारही नाहीत. माझे प्रकरण ज्या वसुली संस्थेकडे दिले आहे तिचे नाव, पत्ता आणि अधिकृत क्रमांक, तसेच खात्याचा संपूर्ण उतारा आणि आकारलेल्या दंडाचा तपशील लेखी कळवावा. यापुढे माझ्याखेरीज अन्य कोणाशीही या कर्जाबाबत संपर्क साधू नये. हे पत्र तक्रार म्हणून नोंदवून तक्रार क्रमांक द्यावा.'

रक्कम मान्य असल्याचे मात्र उतारा हातात येईपर्यंत लिहू नका. २०२४ पासून थकलेल्या हप्त्यावर दंड-व्याज लावण्यास बँका आणि वित्तसंस्थांना मनाई आहे. दंड आकारायचा तर वाजवी दंड-आकार म्हणून वेगळा दाखवावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. क्रेडिट कार्डाला ही तरतूद लागू नाही, म्हणून त्याचा आकडा फुगत जाताना दिसेल. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

उन्हातला_माणूस

मी काही काळ एका एजन्सीत फील्डवर काम केले आहे, म्हणून आतली पद्धत सांगतो. तिचे समर्थन करत नाही. हप्ता किती दिवस थकला आहे त्यावरून प्रकरणे 'बकेट'मध्ये टाकली जातात : ३० दिवसांपर्यंतची पहिली, ६० पर्यंतची दुसरी, ९० पर्यंतची तिसरी. ९० दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे थकीत (अनुत्पादक) कर्ज, ठरते. पहिल्या बकेटचे काम बहुधा कॉल सेंटरमधली मुले-मुली करतात आणि तिथे भाषा नरम असते. पुढच्या बकेटमधली प्रकरणे फील्डच्या माणसाकडे येतात, ज्याची कमाई बरीचशी वसुलीच्या टक्क्यावर अवलंबून असते. महिनाअखेरीला खाते एका बकेटमधून पुढच्या बकेटमध्ये घसरू नये यासाठी वरून जबरदस्त दबाव असतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात फोन वाढतात आणि १ तारखेला अचानक शांतता होते. त्या शेवटच्या आठवड्यात घाबरून कोणाकडून हातउसने घेऊन पैसे भरू नका.

रोज नवा माणूस का बोलतो, याचेही उत्तर साधे आहे. समोरच्याच्या पडद्यावर आधीच्या संभाषणातले फारसे काही नसते. असते ती एक छोटी नोंद, 'अमुक तारखेला भरतो म्हणाला' अशी. या नोंदीला तिथे 'पीटीपी' म्हणतात. तुमचा भाऊ फोन संपवण्यासाठी 'शुक्रवारी बघतो' म्हणाला की ती पीटीपी झाली, आणि शुक्रवार उलटला की 'शब्द मोडणारा' म्हणून त्याच्या खात्यावर अधिक कडक माणूस बसतो. जी तारीख पाळता येणार नाही ती बोलूच नये. 'मी लेखी कळवले आहे, तक्रार क्रमांक अमुक आहे, तो नोंदवून घ्या' एवढे एकच वाक्य दर वेळी म्हणावे.

नातेवाइकांना फोन जातात ते पैसे त्यांच्याकडून मिळतील या आशेने नव्हे, तर लाजेपोटी कर्जदार स्वतः कुठून तरी पैसे उभे करील या हिशोबाने. म्हणून घरच्यांना आधीच विश्वासात घेणे फार उपयोगी पडते. वडिलांनी 'मला सगळे माहीत आहे, तुमचे नाव आणि एजन्सीचे नाव सांगा' असे शांतपणे विचारले की तो क्रमांक बहुतेक वेळा पुन्हा त्यांच्याकडे वळत नाही. आणखी एक, दारात आलेल्या माणसाच्या हातात रोख रक्कम देऊ नका आणि त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवू नका. मी असताना असे पैसे खात्यात न पोचल्याची भांडणे पाहिली आहेत. भरायचे ते संस्थेच्या ॲपवरून किंवा थेट कर्जखात्यात भरावे.

ठेवीदार

मला या सल्ल्यांत एक गोष्ट खटकते. बँकेचा पैसा म्हणजे शेवटी आमच्यासारख्यांच्या ठेवी असतात. एका पतसंस्थेत माझी ठेव अडकली, आणि तिथले कर्जदार अशाच नियमांच्या आड लपून वर्षानुवर्षे फिरत होते. कर्ज घेताना गोड, फेडताना कायदा, हे बरोबर नाही.

जमाखर्च

तुमचा राग समजतो आणि जाणूनबुजून बुडवणारे असतात हेही खरे आहे. पण ती मंडळी अशा फोनांना भीत नाहीत. त्यांच्या दारात जाण्याची एजंटाचीच छाती होत नाही. हे फोन झोंबतात ते ज्याला फेडायचे आहे आणि सध्या जमत नाही त्याला. त्याने भीतीपोटी एका ॲपचे पैसे दुसऱ्या ॲपवरून काढून भरले, तर बँकेच्या मूळ कर्जाची वसुली आणखी लांबते, म्हणजे ठेवीदाराचेही नुकसानच होते.

सनद

वकिली करते, म्हणून धमक्यांपैकी खरे काय ते सांगते. कर्ज न फेडता येणे हा स्वतःहून फौजदारी गुन्हा नाही, त्यामुळे 'चोवीस तासांत अटक' हा मजकूर निव्वळ घाबरवण्यासाठी आहे. मात्र यातला एक धागा खरा आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. कर्जापोटी दिलेला धनादेश वटला नाही तर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली, आणि खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याची सूचना शिल्लक नसल्यामुळे परत गेली तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. तीसुद्धा चोवीस तासांत होत नाही. आधी लेखी नोटीस यावी लागते, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी असते, आणि त्यानंतर तक्रार दाखल झाली तर न्यायालयाचे समन्स येते. म्हणून टपालाने येणारी नोटीस नाकारू नका, उघडून वाचा आणि पाकीटही जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरच्या लाल अक्षरांना भिणारे लोक टपालाची खरी नोटीस परत पाठवतात, हे मी वारंवार पाहते.

लोकअदालतीच्या नोटिशीलाही लोक फार घाबरतात. दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे न्यायालयात दावा दाखल होण्यापूर्वीच, ती आलेली असेल तर ते तडजोडीचे बोलावणे आहे. तिथे जाऊन परवडणारी रक्कम मांडता येते आणि पटले नाही तर नकारही देता येतो. पण तिथे सही केलेली तडजोड न्यायालयाच्या दिवाणी हुकूमनाम्याइतकीच पक्की असते आणि तिच्यावर अपील नसते, तेव्हा गर्दीत घाईने सही करू नका. लवादाची नोटीस आली तर मात्र गप्प बसणे महाग पडते, कारण एकतर्फी निवाडाही पुढे न्यायालयातून वसूल करता येतो. संस्थेने आपल्याच मर्जीने एकट्याने लवाद नेमला असेल तर त्या नेमणुकीवरच लेखी हरकत घ्यावी. अशा एकतर्फी नेमणुकांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निर्णय दिलेला आहे.

'घर जप्त करायला माणसे पाठवतो' या धमकीत तथ्य नाही. वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड ही विनातारण देणी आहेत. त्यांच्यासाठी आधी हुकूमनामा किंवा निवाडा मिळवावा लागतो. घर तारण असेल तर २००२ च्या सरफेसी कायद्याने ताबा घेता येतो, पण त्यातही आधी ६० दिवसांची नोटीस असते, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. पगाराला हात लावायचा तर न्यायालयाचाच आदेश लागतो आणि तेव्हाही पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. गाडी रस्त्यात अडवून किल्ली हिसकावण्याबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बँकांना खडसावले होते.

शिवीगाळ, मारहाणीची धमकी, घरात घुसणे, महिलांशी अश्लील बोलणे हे सारे गुन्हे आहेत. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ धमकीसाठी आहे, आणि 'पोलीस ठाण्यातून बोलतोय' अशी बतावणी करणाऱ्यासाठी कलम २०४ आहे. ठाण्यात बहुधा अदखलपात्र म्हणून एनसी नोंदवून घेतील. ती कमी लेखू नका. तिची प्रत लोकपालाकडच्या तक्रारीला जोडली की तक्रारीचे वजन वाढते. कॉलचे रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच ठेवा, कारण पुढे पुरावा म्हणून द्यायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि मूळ फोन विकलेला असेल तर अडचण होते.

जमाखर्च यांच्या मसुद्याला एक पुरवणी. 'थकबाकी मान्य आहे' हे वाक्य ताज्या कर्जासाठी ठीक आहे. पण देणे बरेच जुने असेल तर ते लिहिण्याआधी सल्ला घ्या. पैशाच्या दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि मुदत संपण्यापूर्वी दिलेली लेखी कबुली तिला नव्याने सुरू करते. बरीच वर्षे विसरलेल्या देण्याबद्दल 'कबुलीचे दोन शब्द तेवढे लिहून द्या, बाकी आम्ही सांभाळतो' असा आग्रह अचानक सुरू झाला, तर त्यामागे हा हिशोब असू शकतो.

गुलमोहर_४

माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत ॲपवाल्यांनी तिचा फोटो बिघडवून तिच्या फोनमधल्या सगळ्या क्रमांकांवर पाठवला. ती पैसे भरत राहते आणि ते आणखी मागत राहतात. ती आता कोणाशी बोलतही नाही.

सनद

ही वसुली नसून खंडणी आहे, आणि इथे पत्रव्यवहार करत बसायचे नाही. मैत्रिणीला पैसे भरणे लगेच थांबवायला सांगा. एकदा भरले की धमकी चालते हे त्यांना कळते. संदेश, क्रमांक, यूपीआयचे तपशील आणि ॲपचे नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घेऊन मगच ॲप काढून टाकावे, कारण आधी काढले तर पुरावा जातो. त्यानंतर १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. ओळखीच्या लोकांना तिने स्वतःच 'माझा फोन डेटा चोरीला गेला आहे, माझ्या नावाने काही आले तर उघडू नका आणि त्या क्रमांकाची तक्रार करा' असा एक संदेश पाठवावा. फोटोची धार त्यानेच निम्मी बोथट होते.

रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो आणि फायली यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक आणि ठिकाण यांची परवानगी फक्त खाते उघडताना, एकदाच आणि संमतीने घेता येते. संपर्कयादी मागणारे ॲप त्या क्षणीच नियमाबाहेर गेलेले असते. अधिकृत ॲपांची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, आणि यादीत नसलेल्यांची तक्रार तिच्याच 'सचेत' पोर्टलवर करता येते.

मैत्रीण कोणाशी बोलत नाही हे तुम्ही लिहिले आहे, ते मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. तिला एकटी ठेवू नका, काही दिवस तिचा फोन घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळावा, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिचे बोलणे करून द्या. ती सेवा मोफत आहे आणि चोवीस तास चालते.

सही_केली

मी एका मित्राला पतसंस्थेच्या कर्जासाठी जामीन राहिलो. मित्र गाव सोडून गेला आणि आता वसुली अधिकारी माझ्या दारात येतात. त्यांनाही हेच नियम लागू आहेत का?

जमाखर्च

पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, त्यामुळे लोकपालाकडे तुमची दाद लागणार नाही. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करावी लागते. दारात येणारा माणूस संस्थेचा नुसता एजंट आहे की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५६ खाली अधिकार मिळालेला वसुली अधिकारी आहे, हे आधी त्याच्या कागदांवरून पाहा, कारण दुसऱ्याला जप्तीचे अधिकार असतात. त्याच अधिनियमाच्या कलम १०१ खाली संस्थेला दिवाणी दाव्याशिवाय वसुली दाखला मिळतो. त्या सुनावणीची नोटीस आली तेव्हा हजर राहणे ही जामीनदाराची खरी संधी असते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि ती बहुतेकांना झेपत नाही.

कडू वाटेल, पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि 'आधी त्याच्याकडून वसूल करा' हा आग्रह कायद्यात टिकत नाही. पगारदारांच्या संस्थेत तुम्ही पगारातून कपातीचे संमतिपत्र दिले असेल, तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली मालक न्यायालयाच्या आदेशाशिवायही कपात करून देऊ शकतो. कागद काढून पाहा. तुम्ही जे भराल ते कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क मात्र तुम्हाला आहे, म्हणून भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती स्वतःच्या नावाने घ्या.

कोरा_कागद

वरच्या मसुद्याप्रमाणे भावाने तिघांनाही लिहिले. बँकेकडून तक्रार क्रमांक आला आणि वडिलांना जाणारे फोन बंद झाले. वित्तसंस्थेने आधी छापील उत्तर पाठवले. त्याला उत्तर म्हणून वडिलांच्या फोनवरील कॉलनोंदीचे स्क्रीनशॉट जोडल्यावर एजन्सी बदलल्याचे कळवले. ॲपवाल्याचे नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत सापडले नाही, त्यामुळे तिथे आम्ही 'सचेत'चा मार्ग धरला आहे. आता वित्तसंस्थेचा माणूस सेटलमेंट सुचवतो आहे, की एकरकमी निम्मे भरा आणि मोकळे व्हा. मामा पैसे द्यायला तयार आहेत. हे करावे का?

जमाखर्च

करण्याआधी दोन गोष्टी पाहा. पहिली, सेटलमेंट झालेले खाते पतअहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) 'सेटल्ड' असे दिसते, 'क्लोज्ड' असे नाही, आणि पुढे घरकर्ज मागताना तो शेरा आडवा येतो. भावाला वर्षभरात नोकरी लागण्याची शक्यता असेल, तर हप्ता कमी करून मुदत वाढवून मागणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ते आधी लेखी मागा. नकार आला तरी तो लेखी येऊ द्या.

दुसरी, फोनवरच्या आकड्यावर एक रुपयाही भरू नका. संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून पत्र यावे, आणि त्यात खाते क्रमांक, एकूण देणे, ठरलेली रक्कम, भरण्याची अखेरची तारीख, त्यानंतर काहीही देणे उरणार नाही असे स्पष्ट वाक्य, आणि दिलेले धनादेश परत करण्याचे व दाखल तक्रार असल्यास ती मागे घेण्याचे वचन असावे. पत्र खरे आहे का, हे शाखेत किंवा संस्थेच्या मुख्य क्रमांकावर विचारून खात्री करा. एजंटाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. अखेरची तारीख एका दिवसाने चुकली तरी सवलत रद्द होऊ शकते, म्हणून मामांचे पैसे प्रत्यक्ष हातात येईपर्यंत पत्र मागवू नका. पैसे भरल्यावर देणे उरले नसल्याचा 'नो ड्यूज' दाखला घ्या आणि महिन्याभराने पतअहवाल काढून पाहा. चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात.

निर्मळ_पाणी

माझे यजमान गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या वैयक्तिक कर्जासाठी आता मला फोन येतात की 'पत्नी म्हणून तुम्हीच फेडायचे'. कागदांवर माझी सही नाही.

सनद

ताई, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर तुमच्या स्वतःच्या कमाईतून आणि स्वतःच्या मालमत्तेतून हे कर्ज फेडण्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. यजमानांच्या मागे वारस म्हणून जी मालमत्ता तुमच्याकडे आली असेल, तिच्या मूल्यापुरतीच वसुली होऊ शकते, आणि तीही कायदेशीर मार्गाने. फोनवर 'मी भरीन' असे म्हणू नका, आणि कर्ज आपल्या नावावर घेण्याच्या किंवा हमीच्या कोणत्याही कागदावर सही करू नका.

मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून संस्थेला ईमेल करा आणि कर्जखात्याचा उतारा मागवा. त्या उताऱ्यात कर्जवाटपाच्या तारखेच्या आसपास विम्याच्या हप्त्याची एखादी कपात दिसते का ते बघा. वैयक्तिक कर्जासोबत बऱ्याचदा विमा उतरवलेला असतो, घरच्यांना त्याची कल्पना नसते, आणि फोन करणारा एजंट तो विषय काढत नाही. कपात दिसली तर विम्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि दाव्याचा अर्ज त्याच ईमेलने मागा, आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबवण्याची विनंती त्यातच लिहा. वकील करणे परवडत नसेल तर महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.